अभिमान कशाचा धरावा?

(नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने केलेले भाषण)





आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली आहे. बुद्ध, धम्म व संघ यांना आपण शरण गेला आहात, पंचशील ग्रहण केले आहे आणि बावीस प्रतिज्ञा स्वमुखाने उच्चारल्या आहेत. यापुढे ‘बौद्ध असल्याचा अभिमान बाळगा’ असा उपदेश आपणांस वारंवार ऐकावयास मिळेल. तो उपदेश योग्यच आहे. परंतु अभिमान म्हणजे काय, तो कशाचा धरावयाचा आणि तो धरला असता उद्या सकाळपासून आपल्या वागणुकीत कोणता फरक पडावयाचा, हे सांगितल्यावाचून तो अपुरा राहतो. मी धर्मोपदेशक नव्हे. मी पेशाने वकील आहे, आणि शब्दाचा अर्थ निश्चित केल्यावाचून वकिलाला एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. म्हणून या एका शब्दाचाच आज आपल्यासमवेत विचार करावा असे मी योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्या की, अभिमान नाही असा मनुष्य जगात विरळा. आपले पूर्वज दारिद्र्यात व अस्पृश्यतेत पिचत होते, तेव्हाही त्यांना एका गोष्टीचा अभिमान होता. ती गोष्ट म्हणजे महारकीचे वतन. जुनी माणसे ‘बावन हक्कां’ची गोष्ट मोठ्या तोऱ्याने सांगत असत. गावच्या सीमेचा वाद पडला की महाराची साक्ष प्रमाण, असे ती छाती पुढे काढून म्हणत. पण त्या हक्कांत होते तरी काय? मेलेल्या जनावराचे कातडे, प्रेतावरचे वस्त्र, घरोघर मागून आणलेली भाकरी! या हक्कांच्या बदल्यात रात्री-अपरात्री सरकारी टपाल पोहोचवावयाचे, पाटलाची वेठ करावयाची, मेलेले ढोर ओढावयाचे आणि चावडीपुढे वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणावयाचे. आपल्या पायांतील बेडीला आपले पूर्वज दागिना समजत होते. त्यांना मी दोष देत नाही. ज्याच्यापाशी दुसरे काहीच नसते, तो बेडीलाही उराशी धरतो.

बाबासाहेबांनी हा खोटा अभिमान नेमका हेरला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हा वतन सोडावयास कचरणारे आपल्यातही पुष्कळ होते. वतन गेले तर भाकरी जाईल, ही धास्ती होती. त्याहून मोठी धास्ती अशी की, वतन गेले तर गावात आपण कोण? अखेर १९५८ च्या मुंबई कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याच्या कायद्याने ते वतन संपले. परंतु ‘गावात आपण कोण?’ हा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता. त्याचे उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास मिळालेले होते.

यावरून अभिमानाची पहिली कसोटी निघते. जी ओळख दुसऱ्याने आपल्यावर लादली आणि जिच्यामुळे आपण दुसऱ्याच्या उपयोगी पडतो एवढेच सिद्ध होते, तिचा अभिमान हा अभिमानच नव्हे. तो गुलामाने धन्याच्या हवेलीचा धरलेला अभिमान होय.

दुसरी कसोटी अशी की, जन्म हा कोणाचाही पराक्रम नव्हे. उच्च कुळात जन्मलेल्याने त्यासाठी काही कष्ट केलेले नसतात आणि खालच्या मानलेल्या कुळात जन्मलेल्याने काही अपराध केलेला नसतो. मनुष्य श्रेष्ठ वा हीन ठरतो तो आपल्या कर्माने, जन्माने नव्हे, हीच तथागतांची शिकवण आहे. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास जी घोषणा केली, तिच्यातही हाच विवेक आहे. कोणत्या धर्मात जन्मावे हे त्यांच्या हाती नव्हते. कोणत्या धर्मात मरावयाचे नाही हे मात्र त्यांच्या हाती होते, आणि तेवढ्याचीच त्यांनी ग्वाही दिली. त्या घोषणेपासून दीक्षेपर्यंत एकवीस वर्षे लोटली. रागाच्या भरात धर्म सोडणारा मनुष्य एकवीस वर्षे थांबत नाही. अभ्यास, तुलना आणि विचार यांना जो अवधी लागतो, तो त्यांनी घेतला. म्हणून आपली बौद्ध ही ओळख विचारपूर्वक केलेल्या निवडीची आहे. अभिमान धरावयाचा तो या निवडीचा.

येथे कोणी विचारील, “वकीलसाहेब, हक्क मिळाले म्हणजे झाले. या ओळखीचे आणि नावाचे एवढे काय घेऊन बसलात?” या प्रश्नाचे उत्तर महाडच्या खटल्यात आहे. चवदार तळे महाड नगरपालिकेने ठरावाने १९२४ सालीच अस्पृश्यांस खुले केले होते. पण तो ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह तेथील पाणी प्राशन केले. त्या वर्षअखेर तळे आमच्या खाजगी वहिवाटीचे आहे असे सांगत काही स्पृश्य मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. न्यायालयाच्या मनाईहुकमाचा मान राखून बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मधील सत्याग्रह तहकूब केला आणि कायद्याची लढाई सुरू ठेवली. तब्बल दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांस वगळण्याची पुरातन रूढी सिद्ध होत नाही असा निकाल दिला. खटला जिंकला, हक्क सिद्ध झाला.

आता तारखा पुन्हा पाहा. निकाल लागला १९३७ साली आणि येवल्याची घोषणा झाली ती १९३५ साली. खटला मध्येच न सोडता बाबासाहेब धर्मांतराच्या मार्गाला लागले होते. न्यायालय तळ्याची वाट मोकळी करू शकते. परंतु त्या वाटेने जाणाऱ्याने मान खाली घालून जावे की ताठ मानेने जावे, हे न्यायालय ठरवू शकत नाही. हक्क बाहेरून मिळतो, मान आतून यावी लागते. दोहोंपैकी एकावर समाधान मानणारा समाज अर्ध्यावरच थांबतो, म्हणून बाबासाहेबांनी दोन्ही लढाया एकाच वेळी चालवल्या.

तिसरी कसोटी किंमतीची. ज्या अभिमानासाठी काही मोजावे लागत नाही, त्याची परीक्षा झालेली नसते. आपल्या वडीलधाऱ्यांनी कोणती किंमत मोजली, ते नवदीक्षितांनी अवश्य जाणून घ्यावे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात असे कलम होते की, हिंदू धर्माहून निराळा धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा गणला जाणार नाही. शिखांपुरती ही अट १९५६ साली शिथिल झाली. बौद्धांना ती लागूच राहिली. याचा अर्थ असा की, ज्या क्षणी आपल्या आजोबांनी बुद्धाला वंदन केले, त्या क्षणी केंद्र सरकारच्या नोकरीतील राखीव जागा आणि राखीव मतदारसंघ यांवरचा त्यांचा हक्क गेला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली राज्यापुरत्या सवलती धर्मांतरित बौद्धांना मिळाल्या, तथापि केंद्राचे दार बंदच होते.

हे ठाऊक असूनही लोकांनी काय केले? १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ च्या जनगणनेत ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. या आकड्यामागे किती झोपड्यांचे उंबरठे आहेत याचा विचार करा. प्रगणक दारात उभा आहे, घरात उद्याच्या पिठाची भ्रांत आहे, ‘हिंदू’ म्हटले तर मुलाच्या नोकरीची आशा आहे, आणि तरीही घरधनी सांगतो, “लिहा, बौद्ध.” माझ्या मते आपल्या इतिहासातील ही एक मोठी घटना आहे. तिला सभामंडप नव्हता, घोषणा नव्हत्या. साक्षीला केवळ एक शिसपेन्सिल होती.

काही कुटुंबांनी मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी कागदावर जुनाच धर्म ठेवला, हेही खरे. त्यांना भेकड म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि आपणांसही नाही. उपाशी मुलाच्या बापाला घातलेली ती अट मुळातच अन्यायाची होती.

सर्वोच्च न्यायालयापुढे १९६४ साली पंजाबराव विरुद्ध मेश्राम हे प्रकरण आले. नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेला उमेदवार बौद्ध झालेला होता काय, हा वाद होता. धर्म ‘मानणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, अमुक एक विधी झालाच पाहिजे असे नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्या निकालाने राखीव जागा गेली, हे दुःख खरे. परंतु त्याच निकालाने एक तत्त्वही दिले: मनुष्य चारचौघांत जे उघडपणे सांगतो, तोच त्याचा धर्म. घरात बुद्ध आणि दारात गप्प, असा धर्म कायदाही जाणत नाही.

ही अट अखेर १९९० साली संसदेने कायदा करून दूर केली, आणि ‘हिंदू, शीख’ यांजबरोबर ‘बौद्ध’ हा शब्द त्या आदेशात आला. दीक्षेपासून त्या कायद्यापर्यंत चौतीस वर्षे गेली. आज आपण बौद्ध म्हणूनही अनुसूचित जातीचे हक्क सांगू शकतो, ते या चौतीस वर्षांच्या आग्रहामुळे.

येथे नवदीक्षित कुटुंबांना एक शंका हमखास पडते. “जात सोडली म्हणून आपण बौद्ध झालो, मग दाखल्यावर पुन्हा जात का लिहावयाची? आणि लिहिली तर आपला अभिमान खोटा ठरत नाही काय?” शंका प्रामाणिक आहे, तिला उत्तरही प्रामाणिकच दिले पाहिजे. एखाद्याला कोणी मारहाण केली, तर डॉक्टर त्याच्या जखमांचा दाखला देतो. तो दाखला घेऊन मनुष्य न्यायालयात जातो आणि भरपाई मागतो. म्हणून जखम ही त्याची ओळख झाली असे आपण म्हणत नाही, आणि जखम बुजली म्हणून दाखला फाडून टाका असेही सांगत नाही. जातीचा दाखला हा पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या इजेचा दाखला आहे. तो जपून ठेवा, जेथे कायदा मागेल तेथे निःसंकोच दाखवा. फक्त तो भिंतीवर टांगून त्याला हार घालू नका. धर्माच्या रकान्यात लिहिलेले ‘बौद्ध’ हे आपले नाव. जातीच्या रकान्यात लिहिले जाते ते आपल्यावर झालेल्या अन्यायाचे नाव.

दुसरी शंका कायद्याच्या नावांविषयी आहे. “आमचा विवाह हिंदू विवाह कायद्याखाली, वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली, मग आम्ही हिंदूच की!” असे आपणांस कोणीतरी ऐकवील. त्यास कायद्याचेच कलम दाखवा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमात धर्माने हिंदू असलेल्यांचा उल्लेख एका पोटकलमात आहे आणि धर्माने बौद्ध, जैन, शीख असलेल्यांचा उल्लेख स्वतंत्र पोटकलमात आहे. कायदा लागू होण्यापुरता ‘हिंदू’ शब्दात धर्माने हिंदू नसलेलाही येतो, हेही तेथेच लिहिलेले आहे. एका छत्रीखाली चौघे उभे राहिले म्हणून चौघांचे नाव एक होत नाही. शिवाय १९९३ साली केंद्र सरकारने बौद्धांना अल्पसंख्याक समाज म्हणून अधिसूचित केलेले आहे.

तिसरी गोष्ट ‘नवबौद्ध’ या शब्दाची. सरकारी कागदांत तो सोयीसाठी आला. पण आता दीक्षेला सहा दशकांहून अधिक काळ लोटला. ज्यांच्या पणजोबांनी नागपुरास दीक्षा घेतली, त्या मुलांनाही लोक ‘नव’च म्हणतात. या ‘नव’चा अर्थ पुष्कळदा ‘कालपर्यंत कोण होतात ते आम्हांस ठाऊक आहे’ असा असतो. आपण आज दीक्षा घेतली असली, तरी आपण केवळ बौद्ध आहात. धम्मात ज्येष्ठ-कनिष्ठ ठरते ते शीलाने.

आता अंतःकरणातील गोष्ट बोलतो, कारण तिच्यावाचून हे सर्व पोकळ ठरेल. अभिमान आणि अहंकार यांच्यात फार पातळ पडदा आहे. आपल्या निवडीचा अभिमान धरणारा मनुष्य दुसऱ्याला हिणवीत नाही. आपण बौद्ध झालो आणि शेजारचे मातंग, चर्मकार किंवा भटके कुटुंब अद्याप जुन्या धर्मात आहे म्हणून त्याला आपण तुच्छ लेखू लागलो, तर आपण धर्म बदलला नाही, केवळ जातीच्या उतरंडीतील पायरी बदलली असा त्याचा अर्थ होईल. निरनिराळ्या जातींतून आलेले बौद्ध एका विहारात वंदना घेतात, पण सोयरिकीची वेळ आली की हळूच मूळची पोटजात विचारतात. हे दृश्य मी पाहतो तेव्हा मला वाटते की, प्रतिज्ञा ओठांनी घेतल्या गेल्या, त्या अद्याप घरात शिरावयाच्या आहेत.

माझ्या कचेरीत एक प्रकार वारंवार घडतो. भाऊ बहिणीला घेऊन येतो. भाऊ शिकलेला असतो, जयंतीच्या वर्गणीत पुढे असतो, खिशाला बाबासाहेबांचे बोधचिन्ह असते. तो म्हणतो, “वकीलसाहेब, ताईचे हक्कसोडपत्र करावयाचे आहे.” मी ताईला विचारतो, “आपणांस हिस्सा नको काय?” ताई भावाच्या तोंडाकडे पाहते आणि म्हणते, “दादा म्हणेल तसं.” अशा वेळी मी भावाला बाहेर बसवतो आणि ताईला तिचा हक्क समजावून सांगतो. स्त्रियांना वारसा मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी अपार श्रम केले, आणि ते बारगळले तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या राजीनाम्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. उत्तराधिकार कायदा १९५६ साली आला आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तो हक्क आपण बहिणीला प्रेमाने सोडावयास लावतो आणि वर जय भीम म्हणतो! अशा घरातील अभिमान बोधचिन्हापुरताच आहे.

शेवटी मुलांविषयी बोलतो. शहरात भाड्याचे घर पाहावयास गेलात की आडनाव विचारतात, गाव विचारतात, जेवण्याखाण्याची चौकशी करतात. काही कुटुंबे आडनाव बदलतात, भिंतीवरचे छायाचित्र आतल्या खोलीत नेतात. त्यांची अडचण मी जाणतो. पण हे सर्व पाहणारे एक मूल त्या घरात असते. त्याला कोणी काही सांगत नाही; तरीही आपल्याकडे काहीतरी लपवण्यासारखे आहे एवढे ते नेमके शिकते, आणि ही शिकवण पुसावयास पुढे सारे आयुष्य पुरत नाही. म्हणून बाहेरची लढाई आपल्या शक्तीप्रमाणे लढा, पण घरात मुलाला सर्व खरे सांगा. आपले पूर्वज काय भोगत होते ते सांगा, त्यांनी ढोरे ओढणे कसे टाकले, वतनाची भाकरी कशी नाकारली ते सांगा, आणि आपण दीक्षा का घेतली हे आपल्या शब्दांत सांगा. ज्या मुलाला ‘का’ ठाऊक आहे, ते शाळेत प्रश्न आला असता गोंधळत नाही.

कृती कोणती करावी, असे आपण विचाराल. वकील या नात्याने पाच गोष्टी सुचवतो. पहिली, मुलांच्या शाळाप्रवेशापासून सर्व कागदांत धर्म ‘बौद्ध’ असाच लिहा; पूर्वीच्या नोंदी निराळ्या असतील तर राजपत्रात धर्मबदलाची सूचना प्रसिद्ध करून घ्या. दुसरी, आजोबा-पणजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, जन्ममृत्यूचे उतारे, जमिनीचे कागद जपून ठेवा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखल्याच्या पडताळणीत फार मोलाचा ठरतो. पेटीतला तो पिवळा कागद नातवाचे शिक्षण वाचवू शकतो. तिसरी, बौद्ध पद्धतीने झालेल्या विवाहाची रीतसर नोंदणी करा, म्हणजे उद्या आपल्या लेकीला विवाह सिद्ध करण्यासाठी वणवण करावी लागणार नाही. चौथी, मुलीचा हिस्सा मुलीला द्या. पाचवी, जनगणनेच्या वेळी स्वतः दारात उभे राहा. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, आणि पुढे सरकारने तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर केला. प्रगणकाने अंदाजाने काही लिहिण्यापूर्वी आपणच स्पष्ट सांगा: धर्म बौद्ध. २०११ साली महाराष्ट्रात बौद्धांची नोंद ६५ लाख ३१ हजारांवर झाली, तीही अशाच एकेका दारातील उत्तरातून.

या पाचही गोष्टींना टाळ्या पडावयाच्या नाहीत. त्या तहसील कचेरीच्या रांगेत, शाळेच्या खिडकीपाशी आणि आपल्याच स्वयंपाकघरात करावयाच्या आहेत. परंतु दुसऱ्याने दिलेले नाव टाकून जो मनुष्य स्वतः निवडलेले नाव धारण करतो, त्याने ते कागदावरही नीट लिहावे, तोंडानेही स्पष्ट उच्चारावे आणि वागणुकीनेही शोभवावे. यालाच मी अभिमान म्हणतो, आणि तो आपल्या प्रत्येक घरात नांदावा एवढीच माझी आपणांस विनंती आहे.

जय भीम!